मोल्डिंगचे सर, असेंब्लीच्या मॅडम: अंबडच्या एका कारखान्यातल्या बढतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना विजेच्या स्विचगिअरसाठी सुटे भाग बनवतो. सातपूर आणि अंबडमध्ये मोठ्या कंपन्यांच्या आधाराने असे पुरवठादार पुष्कळ उभे राहिले, त्यांपैकी हा एक. माणसं दोनशेच्या आतबाहेर, त्यातली निम्म्याहून जास्त कॉन्ट्रॅक्टवर. मालकी घरातलीच. थोरले साहेब रोज येतात, सही त्यांचीच चालते. धाकटे साहेब इंजिनिअर, ग्राहकांकडे आणि ऑडिटकडे तेच बघतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावं दिलेली नाहीत, कारखान्यात जशा हाका मारतात तशाच इथे वापरल्या आहेत.

या गोष्टीत दोन खाती येतात. मोल्डिंगमध्ये नायलॉनची हाउसिंग, म्हणजे भागांची बाहेरची कवचं, इंजेक्शन मशिनवर निघतात. तिथे तिन्ही पाळ्या चालतात आणि सगळे पुरुष, बहुतेक आयटीआय झालेले. असेंब्लीमध्ये त्या हाउसिंगमध्ये कॉन्टॅक्ट, स्प्रिंग आणि स्क्रू बसवून तपासणी होते. तिथे जवळपास सगळ्या बायका. सिडको, पाथर्डी, अंबड गाव, विल्होळी अशा ठिकाणांहून कंपनीच्या बसने किंवा शेअर रिक्षाने येणाऱ्या.

मोल्डिंगचे सर डिप्लोमा झालेले, या कारखान्यात पंधरा वर्षांहून अधिक काळ. मशिन बंद पडलं की शर्टाच्या बाह्या दुमडून स्वतः हात घालणारे, आवाज खणखणीत. असेंब्लीच्या मॅडम बीएस्सी. तपासनीस म्हणून लागल्या, मग लाइन लीडर, मग खात्याच्या प्रमुख. हातात कायम एक जाड वही.

प्रॉडक्शन मॅनेजर डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी या दोघांपैकी कोण, एवढ्याच प्रश्नासाठी धाकट्या साहेबांनी मला बोलावलं होतं. मी नाशिकमधल्या छोट्या-मध्यम कारखान्यांसाठी मनुष्यबळाची कामं करतो. पहिल्याच भेटीत थोरल्या साहेबांनी निकाल सांगून टाकला होता. “सर माणसांकडून काम काढून घेतात. मॅडम फार चांगल्या, पण सगळ्यांना विचारत बसतात. बाईमाणसाची पद्धत वेगळी असते हो.”

अडचण

जुलैमध्ये ग्राहकाच्या लाइनवर तडा गेलेली हाउसिंग सापडली. एक-दोन नव्हे, एका लॉटमध्ये बरीच. ग्राहकाने माल थांबवला आणि ठरलेल्या मुदतीत कारणमीमांसा मागितली. या धंद्यात अशी तक्रार दोनदा आली की पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते.

सरांचं म्हणणं असं की मोल्डिंगमधून माल चांगलाच जातो, असेंब्लीत स्क्रूड्रायव्हर जास्त आवळतात म्हणून तडा जातो. मॅडमचं म्हणणं असं की तडे सगळ्या लॉटमध्ये नाहीत. साप्ताहिक सुट्टीनंतर मशिन सुरू होतात, त्या पहिल्या पाळीच्या मालात ते जास्त दिसतात. हे त्यांच्या लाइनवरच्या बायकांनी आधी ओळखलं होतं. झाकण बसताना होणारा आवाज त्या मालात वेगळा येतो, असं त्या म्हणत. मॅडमनी ते वहीत लॉटनुसार मांडलं होतं आणि मे-जूनमध्ये तीन मेल पाठवले होते. मेल प्रॉडक्शन मॅनेजरना, प्रत सरांना. उत्तर एकालाही नाही.

सरांना मी विचारलं, मेल वाचले नव्हते का? ते सरळ म्हणाले, “मेल काय वाचायचे? दहा पावलांवर बसतो आम्ही. येऊन सांगायचं ना.” मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “दोनदा जाऊन सांगितलं. चार ऑपरेटरसमोर हसण्यावारी नेलं. म्हणून लिहिलं.”

दोन्ही उत्तरं खरी होती. इथपासून पुढे मला बढतीपेक्षा ही गोष्ट महत्त्वाची वाटू लागली. कारखान्यात ज्याला ‘सरांची पद्धत’ आणि ‘मॅडमची पद्धत’ म्हणत होते, त्यातलं किती त्या दोघांच्या स्वभावात होतं आणि किती त्यांना मिळालेल्या खुर्चीत?

म्हणून दोघांचे अधिकार कागदावर मांडून बघितले. मोल्डिंगच्या प्रमुखाला ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी स्वतःच्या सहीने करता येत होती. ओव्हरटाइम मंजूर करता येत होता, गेट पास देता येत होता, मेंटेनन्सचा माणूस थेट बोलावता येत होता. असेंब्लीच्या प्रमुखाला यातलं काहीच नाही. प्रत्येक गोष्टीला प्रॉडक्शन मॅनेजरची सही. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. असेंब्ली सुरुवातीला एका शेडमध्ये कॉन्ट्रॅक्टच्या बायकांकडून करून घ्यायचं काम होतं. पुढे ते खातं झालं, त्यात मोल्डिंगइतकीच माणसं आली, पण अधिकाराचा कागद जुनाच राहिला.

आता ज्याच्या हातात ओव्हरटाइमची सही नाही, तो माणसांना थांबवणार कसा? विनवणी करून, आधी विचारून, एकीची वेळ दुसरीशी जुळवून. मॅडम ‘सगळ्यांना विचारत बसतात’ त्याचा अर्धाअधिक उलगडा त्या एका कागदात होता. लिहून ठेवण्याचंही तेच. तोंडी शब्दाला वजन नसेल तर माणूस कागद जमवतो.

दुसरी गोष्ट संध्याकाळच्या चहाची. सहा-साडेसहानंतर थोरल्या साहेबांच्या केबिनमध्ये चहा होई आणि उद्याचं नियोजन तिथेच ठरे. सर, टूलरूमवाले, मेंटेनन्सवाले, डिस्पॅचवाले सगळे तिथे असत. मॅडमची बस पावणेसहाला सुटे. घरी शाळेतली मुलगी आणि आजारी सासरे. सकाळी आल्यावर त्यांना कळायचं की आज कोणता मॉडेल चालणार. मग त्या लाइन बदलायला वेळ मागत, आणि ‘मॅडमना चटकन निर्णय घेता येत नाही’ ही नोंद आणखी पक्की होई.

या विषयात आधी काय माहीत आहे

हे थोडं बाजूला जाऊन सांगतो, कारण थोरल्या साहेबांशी याच मुद्द्यावर माझा वाद झाला होता. ॲलिस ईगली आणि ब्लेअर जॉन्सन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली तोवरच्या अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली. ‘पुरुष कामाकडे बघतात, बायका माणसांकडे’ हा सर्वांच्या तोंडी असलेला फरक विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांत दिसत होता. प्रत्यक्ष संस्थांमध्ये पदावर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांत मात्र तो दिसला नाही. एक फरक टिकला. स्त्रिया निर्णयात हाताखालच्यांना थोडं जास्त सामील करून घेत होत्या. तेव्हा फरक मुळीच नसतो असं म्हणण्यातही अर्थ नाही.

त्याआधी १९७७ साली रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास करून आणखी एक गोष्ट दाखवली होती. ज्याला जबाबदारी आहे पण सत्ता नाही असा साहेब नियमाला चिकटतो, बारीकसारीक गोष्टींवर पकड ठेवतो, मग तो पुरुष असो की बाई. अशा बिनसत्तेच्या खुर्च्यांवर बायका जास्त सापडतात, म्हणून तो बायकांचा स्वभाव वाटतो.

थोरले साहेब हे ऐकून म्हणाले, “अमेरिकेतलं अंबडला कशाला?” प्रश्न रास्त होता. त्यावर भाषण देण्यापेक्षा इथेच बघू, असं ठरलं.

समोर असलेले पर्याय

पहिला, सरांना सेवाज्येष्ठतेने बढती. सोपा, आणि खालून विरोध नाही. धोका एवढाच की तड्याच्या भांडणात एका बाजूलाच न्यायाधीश केल्यासारखं झालं असतं.

दुसरा, मॅडमना बढती. धाकट्या साहेबांचा कल इकडे होता, पण कारण ऐकून मला धसका बसला. ग्राहकाच्या ऑडिटमध्ये वरच्या पदावर स्त्रिया किती हा रकाना आता येतो, तेवढ्यासाठी. त्या कारणाने दिलेली खुर्ची मोल्डिंगच्या पोरांनी आठवड्यात ओळखली असती.

तिसरा, बाहेरून माणूस. गोंदे-सिन्नरकडच्या कारखान्यांतून तयार माणूस मिळाला असता, पण पगार जवळपास दीडपट, आणि ही दोन्ही माणसं दुखावली असती ते वेगळंच.

चौथा पर्याय चर्चेत उशिरा आला. दोघांनी सप्टेंबर ते डिसेंबर खात्यांची अदलाबदल करायची, निवृत्त होणाऱ्या मॅनेजरांना मार्चपर्यंत थांबवायचं आणि निर्णय जानेवारीत घ्यायचा. सरांनी लगेच होकार दिला. असेंब्ली म्हणजे सोपं काम, असा त्यांचा समज होता. मॅडमनी दोन दिवस मागून घेतले आणि एक अट घातली: मोल्डिंगमध्ये जाईन तर सरांना जे अधिकार आहेत ते सगळे माझ्या सहीला मिळाले पाहिजेत, लेखी.

थोरले साहेब अटीवर नाराज झाले. “अजून काम सुरू नाही आणि अधिकार मागतात.” धाकट्या साहेबांनी तेवढ्यात विचारलं की सरांनी कधी मागितले होते का. मागितले नव्हते. खुर्चीबरोबर आपोआप मिळाले होते. अट मान्य झाली. असेंब्लीत जाणाऱ्या सरांचे अधिकार कमी करायचे का, हा प्रश्न मात्र कुणाच्या डोक्यातच आला नाही. ते आपले जुने अधिकार घेऊनच तिकडे गेले. पुढे जे झालं त्यातला निम्मा भाग या विसरण्यातून आला.

काय घडलं: असेंब्ली

पहिले दोन आठवडे सरांना बायका आवडल्या आणि बायकांना सर. हे लिहायला थोडं अवघड आहे, पण खरं आहे. बऱ्याच जणी म्हणाल्या, “सर सोडतात हो. मॅडम नाही सोडत.” अर्ध्या तासाचा गेट पास मॅडमना वरून आणावा लागे, म्हणून त्या नाही म्हणत. सर खिशातलं पेन काढून सही करत. बाईच बाईला समजून घेते हे वाक्य आपण फार सहज बोलतो. ज्या बाईच्या हातात पासच नाही ती समजून घेऊन काय देणार?

मग उत्पादन घसरू लागलं, रोज ठरावीक वेळी, सकाळच्या चहानंतर आणि जेवणानंतर. सरांनी नेहमीप्रमाणे आवाज चढवला. मोल्डिंगमध्ये ओरडलं की ऑपरेटर उलट बोलतो, चार शब्द होतात, दुपारी दोघं एकत्र चहा पितात. इथे तसं झालं नाही. लाइन एकदम गप्प झाली. काय अडलं हे कुणी सांगेना. सरांनी त्याचा अर्थ ऐकतात असा घेतला.

शेवटी एका लाइन लीडर ताईंनी सांगितलं. साठेक बायका आणि स्वच्छतागृहं दोन, सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी. मॅडम सुट्टी गुपचूप तीन टप्प्यांत सोडत, कागदावर एकच वेळ असली तरी. सरांनी शिस्त म्हणून ती एकत्र केली होती. स्त्रियांसाठी वेगळी आणि पुरेशी सोय असावी असं कारखाने कायदा, १९४८ च्या कलम १९ मध्येच होतं, तेव्हा हा काही उपकाराचा विषय नव्हता.

सरांनी दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सला बोलावलं, गवंडी लावला, आणि दिवाळीच्या आत आणखी दोन स्वच्छतागृहं उभी राहिली. सगळ्यांनी कौतुक केलं. सर आहेत म्हणून झालं, असं थोरले साहेबही म्हणाले. धाकट्या साहेबांनी तेव्हा मॅडमची फाइल काढली. त्याच मागणीचे चार अर्ज त्यात होते, पहिला दीड वर्षापूर्वीचा. प्रत्येकावर शेरा: ‘पुढील बजेटमध्ये बघू’.

या फाइलमुळे सर गडबडले. त्यांनी आपणहून काही मोठं कबूल वगैरे केलं नाही, पण त्यानंतर असेंब्लीबद्दल सोपं काम हा शब्द त्यांच्या तोंडी आला नाही.

नोव्हेंबरअखेरीस द्राक्षाचा हंगाम आडवा आला. ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी, निफाड, गिरणारे भागात विरळणी आणि डिपिंगची कामं निघतात, मजुरी चढते. लाइनवरच्या काही जणी माहेरच्या किंवा सासरच्या बागेत आठ-दहा दिवस जातातच. सरांनी गैरहजर राहणाऱ्यांना मेमो दिले. चार जणी कायमच्या गेल्या. मॅडम दरवर्षी दसऱ्यालाच विचारून ठेवत की कोण कोणत्या आठवड्यात जाणार आणि तिची जागा कोण घेणार. ते सगळं त्या वहीत होतं. वही त्यांनी सरांना दिली नव्हती. का दिली नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “चार्ज देण्याच्या फॉर्ममध्ये मशिन, स्टॉक, टूल असे रकाने आहेत. माणसांचा रकानाच नाही. आणि त्यांनी मागितलीही नाही.”

मला ते उत्तर अपुरं वाटलं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, पण चार बायकांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत.

काय घडलं: मोल्डिंग

नायलॉन हवेतली ओल शोषतं. दाणे मशिनमध्ये टाकण्यापूर्वी हॉपर ड्रायरमध्ये काही तास तापवून वाळवावे लागतात. ओले दाणे तसेच वितळवले तर पाण्यामुळे नायलॉनच्या साखळ्या तुटतात. भाग वरून ठीक दिसतो, पण कमजोर होतो आणि स्क्रू बसताना तडकतो. सुट्टीनंतर पहिल्या पाळीत ड्रायर आधी लावून ठेवायचा तर कुणीतरी पहाटे यायला हवं. टार्गेट मात्र पाळी सुरू झाल्या मिनिटापासून मोजलं जाई. म्हणून ऑपरेटर वाळवण्याची वेळ कापत. पावसाळ्यात ते भोवलं.

हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना ते अर्धवट माहीत होतं आणि ‘पोरांना सांगितलंय’ एवढ्यावर विषय संपला होता. मॅडमनी ड्रायर चालू केल्याची वेळ, तापमान आणि सही अशी नोंदवही सुरू केली. मोल्डिंगमध्ये हसू झालं. “आता दाण्यांची पण हजेरी.” टूलरूमचा फिटर प्रत्येक कामाला “सरांना विचारून सांगतो” म्हणे. सर दहा पावलांवर असेंब्लीत होते, आणि सुरुवातीला विचारायला आलेल्याला तेही उत्तर देत. इथे धाकट्या साहेबांनी एक चांगलं केलं. सरांना बोलावून सांगितलं की मोल्डिंगचं कुणी विचारायला आलं तर एकच उत्तर द्यायचं, मॅडमना विचार. सरांनी ते पाळलं. सगळ्या चार महिन्यांत मला सर्वांत उपयोगी वाटलेली कृती कुठली म्हणाल, तर ही.

रात्रपाळीचा मुद्दाही तेव्हाच निघाला. मॅडमनी रात्रीचा कारखाना पाहिलेला नाही, हे त्यांच्याविरुद्ध नेहमी सांगितलं जाणारं कारण. पण कारखाने कायद्याच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर कामावर ठेवण्याला मनाई होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. कंपनीने त्यानंतरही त्यासाठी वाहनाची सोय केली नव्हती. जो अनुभव घ्यायची वाटच बंद होती, तो नाही म्हणून गुण कमी. ऑक्टोबरपासून मॅडमना गाडी मिळाली आणि त्या आठवड्यातून एकदा रात्री फेरी मारू लागल्या. पहिल्याच फेरीत दोन ड्रायर बंद सापडले.

त्यांनी तो लॉट थांबवला. विचारलं नाही, समजावलं नाही. मशिन बंद करायला लावून निघालेला माल लाल क्रेटमध्ये टाकला. सकाळी थोरल्या साहेबांचा पारा चढला, कारण त्या दिवशी डिस्पॅच होता. मॅडमनी अधिकाराचा कागद समोर ठेवला. अकरा वर्षं ‘विचारत बसणाऱ्या’ बाई अधिकार हातात येताच दीड महिन्यात न विचारता मशिन बंद करत होत्या.

कारखान्यात त्याची नोंद कशी झाली तेही पाहण्यासारखं. सरांच्या जुन्या मूल्यमापनात अशाच प्रसंगाला ‘खमके, वेळप्रसंगी कठोर निर्णय घेतात’ असं लिहिलेलं सापडलं. मॅडमच्या तिमाही शेऱ्यात प्रॉडक्शन मॅनेजरांनी लिहिलं, ‘स्वभाव तापट होत चालला आहे’.

मॅडमचीही एक चाल अंगाशी आली. त्यांनी ऑपरेटरच्या नावानिशी रिजेक्शनचे आकडे फळ्यावर लावले. असेंब्लीत त्या असा फळा कधीच लावत नव्हत्या, तिथे प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगत. मोल्डिंगमध्ये पुरुषांना असंच कडक लागतं, असा त्यांनी अंदाज बांधला होता. म्हणजे साहेबांच्याच साच्यातला, फक्त उलट बाजूने. तिसऱ्या दिवशी एका जुन्या ऑपरेटरने हिशेब मागितला आणि सिन्नरला दुसरीकडे लागला. एका जुनाट मोल्डची (मशिनवरच्या साच्याची) खोड फक्त त्यालाच ठाऊक होती. ते मोल्ड पुढे महिनाभर त्रास देत राहिलं. फळा उतरला, पण तो माणूस परत आला नाही.

दरम्यान असेंब्लीत सरांनी स्क्रूड्रायव्हरचं टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, तपासून घेतलं. तीन हत्यारं ठरलेल्या मर्यादेबाहेर होती. म्हणजे जुलैतलं सरांचं म्हणणंही थोडं खरं निघालं. ग्राहकाला गेलेल्या अहवालात दोन्ही कारणं लिहिली गेली, आणि पहिल्यांदाच त्यावर दोघांच्या सह्या होत्या.

निष्पत्ती

नोव्हेंबरपासून तड्याची तक्रार आली नाही आणि ग्राहकाने प्रकरण बंद केलं. जानेवारीत मॅडमना प्रॉडक्शन मॅनेजर करायचं ठरलं. थोरल्या साहेबांनी पुस्ती जोडली: वर्षभर प्रभारी, मग बघू. मॅडमनी विचारलं की आधीच्या मॅनेजरांना प्रभारी ठेवलं होतं का. ठेवलं नव्हतं. त्यांनी पद नाकारण्याची तयारी दाखवली. दोन दिवस ताणलं गेलं, मग ‘प्रभारी’ शब्द निघाला.

सर राहिले. त्यांना टूलरूम आणि नव्या मोल्डची जबाबदारी मिळाली, श्रेणी मॅडमच्या बरोबरीची. ते खूश नाहीत, आणि ते लपवतही नाहीत. ड्रायरच्या नोंदवहीवर मात्र ते आता रोज स्वतः नजर टाकतात. पहाटे ड्रायर लावायला येणाऱ्या ऑपरेटरला वेगळा भत्ता सुरू झाला, आणि तो सरांनीच थोरल्या साहेबांकडून मंजूर करून आणला, चहाच्या वेळी, दहा मिनिटांत.

असेंब्लीच्या प्रमुखाला मोल्डिंगइतकेच सहीचे अधिकार मिळाले. नियोजनाची बैठक कागदोपत्री दुपारी साडेतीनला आली. ती होतेही. पण संध्याकाळचा चहा बंद झालेला नाही, आणि साडेतीनला ठरलेलं कधीकधी सात वाजता बदलतं. मॅडमनी त्यावर तोडगा काढला आहे. बदल झाला तर लेखी कळवल्याशिवाय लाइन बदलायची नाही.

वेगळं काय करता आलं असतं

अदलाबदल उपयोगी पडली, पण ती करायची तर अधिकार आधी समान करायला हवे होते. मॅडमनी अट घातली नसती तर त्या मोल्डिंगमध्ये बिनसहीच्या गेल्या असत्या, चार महिन्यांत काही हललं नसतं, आणि थोरल्या साहेबांचं पहिल्या दिवशीचं वाक्य पुराव्यानिशी खरं ठरलं असतं. सरांच्या बाजूनेही तुलना खोटीच झाली. असेंब्ली बिनअधिकाराची चालवून दाखवण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. दोन महिने त्यांचं पेन काढून घेतलं असतं, तर त्यांनी कोणती पद्धत धरली असती हे बघायला मला फार आवडलं असतं.

ग्राहकाची तक्रार उघडी असताना हे करणं घाईचं होतं. एक चुकीचा लॉट गेला असता तर ऑर्डर गेली असती, आणि खापर मॅडमवर फुटलं असतं. दुसरी बाजू अशी की तक्रार नसती तर थोरले साहेब या प्रयोगाला तयारच झाले नसते.

चार्ज देण्याच्या फॉर्ममध्ये आता माणसांचं पान आहे: हंगामात कोण जातं, कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण कुणाची जागा घेऊ शकतं, कोणतं मोल्ड कुणाला कळतं. ते पान आधी असतं तर द्राक्षाच्या हंगामात गेलेल्या चौघी कदाचित टिकल्या असत्या. त्यांपैकी दोघींना परत बोलावलं, एक आली.

मूल्यमापनाच्या फॉर्ममधून स्वभावाचा रकाना काढून टाकायला मी सुचवलं होतं. तिथे आता ‘प्रसंग काय होता, काय केलं, परिणाम काय झाला’ असे तीन रकाने आहेत. भरणारे अजूनही चौथा रकाना आपल्या मनाने आखतात.

असेंब्लीच्या प्रमुखाची जागा सध्या रिकामी आहे. दोन लाइन लीडरनी अर्ज केले आहेत. एकीचा आवाज डिस्पॅचच्या गेटपर्यंत ऐकू जातो. दुसरी क्वचितच बोलते, आणि तिच्या लाइनचं रिजेक्शन सगळ्यात कमी आहे. यावेळी दोघींना एकेक महिना प्रभार द्यायचा आहे, पूर्ण सहीसह. निर्णय मॅडम आणि सर मिळून घेणार आहेत, आणि कुणाला निवडायचं यावर त्या दोघांचं आत्ताच पटत नाही.